ह्यांचं इंजिन

रविवार, ४ मार्च

जावईबापूंनी गाडी घेतली. जुनी, पण स्पोर्ट्स. दोनच दारं, बुटकी, मांजर दबा धरून बसावं तशी. निळी आहे, फक्त उजवं दार जरा वेगळ्या निळ्याचं. मी विचारलं, "हे दार कुणाचं?" तर हसले. "आई, तुमची नजर म्हणजे. दुसऱ्या गाडीचं बसवलंय. ही एकदा ठोकलेली आहे, म्हणून तर आपल्याला परवडली."

अपघातातल्या गाड्या तपासून विम्याची भरपाई ठरवायची, ही त्यांची नोकरी. त्यामुळे ठोकलेल्या गाडीचं त्यांना काही वाटत नाही. म्हणतात, पत्र्याचा चुरा बघितला की मी सांगतो, कोण झोपला होता, कोण फोनवर होता आणि कोण भांडत होता.

ठकीला घेऊन एक चक्कर मारून आले. माझी लेक लहानपणापासून वेगाची वेडी. बापाशेजारी बसून "बाबा, अजून, बाबा, अजून" चालायचं तिचं. आज उतरली ती थेट न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. जेवण झाल्या झाल्या बसायला नको होतं, असं मी म्हणाले. जावई म्हणाले, "सवय होईल."

मलाही मागे बसवून बघितलं. पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं आणि पुढचा माणूस उतरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हटलं, बोळक्यात लोणचं भरावं तसं भरलंत मला. जावई पोट धरून हसले.

हे असते तर बॉनेट उघडून त्यात वाकून बसले असते, आणि जेवायला हाका मारून माझा घसा बसला असता.

गुरुवार, ८ मार्च

लायब्ररीतून मोटारींवरचं एक जाडं पुस्तक आणलं. लायब्ररीच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, "नवीन नाही हो, हेच तर जुनं."

खरंच आहे ते. शाळा माझी चौथीत सुटली. लग्नानंतर हे रात्री गाडीचं मॅन्युअल उघडून बसायचे आणि मी शेजारी भाजी निवडत अक्षरं जुळवायची. माझं मी वाचलेलं पहिलं वाक्य म्हणजे, 'इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये.' पुढे कपाटंच्या कपाटं वाचली, पण इतक्या कामाचं वाक्य फार ठिकाणी सापडलं नाही.

ह्यांची मोठी गाडी मागच्या शेडमध्ये आहे, चादरीखाली. भाड्याने चालवायचे. लोकांना स्टेशनावर सोड, कचेरीत सोड, दवाखान्यात सोड. शेवटी त्याच दवाखान्यात स्वतः गेले, तेही दुसऱ्याच्या गाडीतून, छातीत पाणी झालं म्हणून. तेव्हापासून ती सुरू केलेली नाही. तळ गंजून गेलाय. पण इंजिनाला हात लावला तर अजून तेलकट होतो. तो हात मी लगेच धूत नाही.

शनिवार, १७ मार्च

ठकी आली होती. जावयांनी सोडलं आणि संध्याकाळी न्यायला आले. तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली म्हणे. भिंगं घासायचं काम तिला किती आवडायचं. विचारलं तर म्हणाली, "जाण्यायेण्याची ओढाताण होते." बस तर दारातून होती. पण नव्या संसारात काय काय असतं, आपण किती खोदून विचारायचं.

एक बघितलं. फोन वाजला की ठकी उभी राहून बोलते.

दुपारी ती कपडे बदलत होती तेव्हा मी खोलीत गेले. खांद्यापासून छातीवर तिरका पट्टा उठलाय, निळा, कडेने पिवळा.

"हे काय गं?"

"सीटबेल्टचं."

"इतकं?"

"तो कधीकधी जोरात ब्रेक मारतो."

"काही आडवं आलं होतं का?"

"नाही." मग म्हणाली, "आई, चहा टाक ना."

जुन्या गाड्यांचे पट्टे करकरीत होतात, कडा धारदार होतात. पुस्तकातही लिहिलंय. माझं मखमलीचं एक पोलकं पडून होतं, गर्द हिरवं. ते उसवलं, आत कापूस भरला आणि पट्ट्यावर चढवायला छान लांब खोळ शिवून दिली. ठकी ती मांडीवर घेऊन खूप वेळ बसून राहिली. हात फिरवत होती. आवडली असावी.

रविवार, २५ मार्च

छोट्या गाडीने मान टाकली. पांढरा धूर ओकत आली आणि आमच्याच दारात बंद पडली. इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं आणि आतही तडा गेलाय. मला वाटलं जावई चिडतील, तर ते आपले खुशीत. हात धुऊन थेट शेडकडे गेले आणि चादर वर केली.

"आई, तुम्ही सोनं झाकून ठेवलंय इथे."

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. ह्यांचं इंजिन मोठं, पण थोडी ठाकठोक केली की छोटीत बसतं, असं बऱ्याच जणांनी केलंय म्हणतात. कागदपत्रांचं तेच बघणार आहेत, तिकडे ओळखी आहेत. "बाबांचं इंजिन पुन्हा रस्त्यावर येईल. तुम्हाला तो आवाज ऐकावासा नाही वाटत?"

माणसाला नेमकं कुठे धरायचं ते त्यांना कळतं. माझ्या तोंडून हो निघणारच होतं. विचार करून सांगते म्हटलं, पण हे उगाच, आपला मान राखायला. जावई काही मागतोय आणि सासू नाही म्हणते, हे मला जमणारं नाही. शिवाय त्यांनी स्वतःसाठी थोडंच मागितलं, असं ते बोलत असताना वाटत होतं.

ठकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मंगळवार, २७ मार्च

ठकीचा फोन. आवाज इतका बारीक की मला वाटलं सर्दी झालीय.

"आई, इंजिन देऊ नकोस."

"का गं?"

"नको एवढंच."

"बापाचं ते शेडमध्ये कुजत पडलेलं बरं का?"

"हो. कुजू दे."

मला फार लागलं. जिच्यासाठी बापाने सीटवर उशी बांधली, रस्ता दिसावा म्हणून, तिने असं म्हणावं. मी चार शब्द सुनावले. ती मध्येच "ठेवते" म्हणाली आणि फोन बंद. दूध उतू जात असेल.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. दुःख आपापलं असतं, हे पुस्तकात वाचायला सोपं. तिला तो आवाज नको असेल आणि मला तोच हवा असेल, तर काय करायचं, हे कुणी लिहिलेलं नाही.

शुक्रवार, ३० मार्च

जावई मिस्त्रीला घेऊन आले. गोल माणूस, पान नाही तंबाखू नाही, पण तोंड सारखं चालू. हे असताना याच्याकडेच गाडी जायची. इंजिनावर थोपटलं आणि म्हणाला, "वहिनी, याला अजून कळलं नाही मालक गेले ते."

मग छोटीच्या नाकाखाली डोकं घातलं. बाहेर येऊन म्हणाला, "बसवतो. पण शेळीच्या अंगात बैलाचं काळीज जातंय, एवढं लक्षात घ्या. नाक जड होणार. वेग धरेल, पण थांबेल का? ब्रेक शेळीचेच आहेत."

जावई म्हणाले, "ब्रेकचं पुढे बघू."

इथे माझं जाडं पुस्तक कामी आलं. मी म्हटलं, "पुढे नाही. ब्रेक आधी. मोठ्या डिस्क, नवे पाइप, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. हे सगळं झालं तर इंजिन देते, नाहीतर चादर परत घाला."

मिस्त्री कानाला हात लावून म्हणाला, "साहेब, सासू आहे की इन्स्पेक्टर?" जावई माझ्याकडे बघत राहिले आणि मग मान लववली. "ठरलं. आईंचे ब्रेक."

निघताना मी हसत हसत सांगितलं, "तुमच्या बायकोला मात्र पटवा. मला फोन करून सांगते, इंजिन देऊ नको म्हणून."

"असं का," जावई म्हणाले. "कधी केला होता फोन?"

"मंगळवारी."

"असं," म्हणाले, आणि हसले.

आज बरं वाटतंय. काळजी होती ती ब्रेकची. ती मिटवली.

शनिवार, १४ एप्रिल

आज इंजिन काढलं. चेन ब्लॉकच्या साखळीला टांगलेलं हवेत हळूहळू फिरत होतं. दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं तेव्हा असेच सगळे "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. मी घरात निघून आले आणि विनाकारण तांदूळ निवडत बसले. तांदळात एक खडा नव्हता.

गाडी आता नुसता पत्रा. मी त्यावर परत चादर घातली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, आता कशाला?"

ठकी आली नाही. त्या शुक्रवारपासून तिचा फोनही नाही. मी केला की जावई उचलतात. झोपलीय, आंघोळीला गेलीय, शेजारी गेलीय. माझ्यावर रुसलीय हे उघड आहे. रुसू दे. आवाज ऐकेल तेव्हा विरघळेल.

रविवार, ६ मे

सुरू झालं.

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आम्ही सगळे उभे. पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा धरलं. तोच तो आवाज. खालच्या पट्टीतला, आणि दर थोड्या वेळाने किंचित अडखळून पुढे जाणारा. हे म्हणायचे, आपली गाडी चालता चालता आवंढा गिळते. मी पदर तोंडात धरून रडले. इतक्या दिवसांत अशी रडले नव्हते. मिस्त्रीने माझ्यासाठी स्टूल आणलं.

मग ठकीकडे बघितलं. ती मागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. बारीक झालीय. डाव्या मनगटाला पट्टी होती. "पडले," म्हणाली. मी तिचा हात धरून गाडीकडे ओढलं, "ये, हात लावून बघ, बाबा आहेत." तिने हात लावला, कारण जावई बघत होते. पुन्हा वाचताना हे वाक्य मीच लिहिलंय का असं वाटतं. पण तसंच झालं.

गाडीतून जावयांनी मला पहिली चक्कर द्यायची ठरवलीय. पुढच्या रविवारी.

रविवार, १३ मे

मी मागे, ठकी पुढे. पट्ट्यावर माझी हिरवी खोळ होती. गावाबाहेरचा गोदामांकडचा सरळ रस्ता, सुटीमुळे मोकळा. सुरुवातीला मी डोळे मिटून नुसती ऐकत होते. ह्यांच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं.

जावई सहज बोलावं तसं म्हणाले, "अगं, आईंना तू फोन केला होतास ना? इंजिन देऊ नको म्हणून. आज त्या आहेतच. सांग, का नको होतं."

इंजिनाचा आवाज चढला.

"सांग ना. आई वाट बघतायत."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो, झालं गेलं." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने. "नाही आई. घरात लपवाछपवी नको."

रस्ता जिथे संपतो तिथे गोदामाची भिंत आहे. आधी ती खोक्याएवढी होती. मग तिच्यावरचा रंग दिसायला लागला. मग अक्षरं. मी पुढच्या सीटला धरलं होतं. मागे दार नाही.

ठकी म्हणाली, "सॉरी. सॉरी. सॉरी. सॉरी."

पाढे म्हणावेत तशी. किंचाळून नाही, रडून नाही. दोन्ही हात खोळीखाली खुपसून, डोकं मागे टेकवून, मान ताठ करून. कसं बसलं म्हणजे कमी लागतं हे तिला पाठ होतं.

मग ब्रेक. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. वर बघितलं तर भिंत इतकी जवळ की बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. 'येथे वाहने उभी करू नयेत.'

"आईंचे ब्रेक," जावई म्हणाले. "आधीचे असते तर इतक्या जवळ यायची हिंमत नसती झाली."

परतताना ते मला मिस्त्रीच्या गमती सांगत होते. मी हो हो म्हणत होते. कशाला हो म्हणत होते?

दारात त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. ठकी उतरली, तिने सीट वाकवली, मी बाहेर आले आणि तिचं पट्टीचं मनगट सोडून दुसरं धरलं. सोडलंच नाही. म्हटलं, "हिला आज ठेवून घेते. मला गरगरतंय."

"घ्या की," ते म्हणाले. "मी येतो न्यायला."

सोमवार, १४ मे

दुपारी जेवून झाल्यावर ठकी बोलली. थोडंच.

भांडण झालं की चक्कर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चक्कर. घरात कधी हात उचलत नाही, आवाज चढवत नाही. "चल, फिरून येऊ," एवढंच म्हणतो. मनगट दार धरून उतरायला बघितलं तेव्हा गेलं, मी त्यांना फोनचं सांगितलं त्या शुक्रवारी, ऑफिसच्या गाडीत.

मी विचारलं, "आधीच्या इंजिनावरही असंच?"

"होतं. पण त्याला दम नव्हता. भिंत यायला वेळ लागायचा."

"मला सरळ सांगायचंस."

"काय सांगू? गाडी जोरात चालवतो? बाबांना मीच म्हणायचे ना, अजून, अजून." मग म्हणाली, "आणि तू किती खूश होतीस, आई."

लेकीच्या अंगावरचा वळ बघून मी पोलकं उसवलं. मार थांबवायचं सोडून माराखाली उशी शिवून दिली. वर ब्रेकची अट घातली आणि स्वतःला शहाणी समजले. पुस्तकातलं सगळं बरोबर होतं. मी फक्त गाडीचंच पुस्तक वाचत बसले.

त्यांचा फोन येतो. ठकी अजून उभी राहते. आज मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि फोन उचलला. म्हटलं, ती इथेच राहणार आहे. ते म्हणाले, "आई, तुमची तब्येत ठीक नाही. उन्हात भटकू नका."

बुधवार, १६ मे

दुपारचे चार वाजलेत. ते बाहेर आहेत.

आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाच ठकीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. आवाज न करता. मी दोन्ही दारांना कड्या लावल्या आणि पोलीस चौकीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, रस्त्यावर गाडी उभी करणं गुन्हा नाही, आणि नवराबायकोचं असेल तर घरात मिटवा.

मग ठकीला आतून कडी लावायला सांगून मी बाहेर गेले. त्यांनी काच खाली केली. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"पाठवा तिला, आई."

"ती येणार नाही."

"आज की कधीच?"

"ते ती सांगेल. मी पाठवणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

"तुम्ही फार वाचता," ते म्हणाले. "त्याचा परिणाम आहे हा."

"उशिरा झाला," मी म्हणाले.

ते हसले नाहीत तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा दिसला. मग परत हसले आणि हात खिडकीवर टाकून रेलून बसले. "ठीक आहे. मी थांबतो. तुम्हाला आवाज ऐकायचाच होता ना? ऐका."

मी घरात आले. कडी परत लावली.

इंजिन चालू आहे. मध्येच अडखळतं आणि पुढे जातं. ह्यांनी त्याला इतकं जपलं की ते आपणहून बंद पडायचं नाही. मिस्त्री म्हणाला होता ना, त्याला अजून कळलेलं नाही. गाडीत कोण बसलंय हे इंजिनाला कळत नसतं. मला कळायला हवं होतं.

समोरच्या खिडक्यांतून लोक बघतायत. एकाने विचारलंसुद्धा, "पाव्हणे आत का येत नाहीत?" मी खिडकीतूनच सांगितलं, "मी घेत नाही म्हणून." मोठ्याने सांगितलं.

ठकी माझ्यामागे जमिनीवर बसलीय, भिंतीला पाठ लावून. आत्ता विचारलं, "पेट्रोल कधी संपेल गं?"

"टाकी भरलेली असेल तर उभ्या उभ्या उद्यापर्यंत चालेल."

"मग?"

"मग उद्यापर्यंत," मी म्हटलं, आणि माझी खुर्ची दाराला लावून बसले.